नॉर्वेत एका दिवसाच्या डोंगरवाटा: कोणती घ्यावी, कधी निघावं, कुठून परतावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरचे पाच जण, वयं १४ ते ६२, सगळ्यांना सह्याद्रीत चालायची सवय. जुलैच्या मध्यात बारा दिवस नॉर्वे. त्यात प्रेइकेस्टोलेन, शेराग, ट्रोलतुंगा, बेसेग्गेन आणि उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरचं रैनेब्रिंगेन एवढ्या वाटा बसतील का, आणि तयारी काय करावी?

कागदावर बसेल, पण बसवू नका. पाचातल्या तीन वाटा घ्या आणि प्रत्येक मोठ्या वाटेमागे एक दिवस मोकळा सोडा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंगरात कुठल्या दिवशी जायचं हे आरक्षण ठरवत नाही, अटलांटिकवरून येणारा पाऊस-वारा ठरवतो. रोज मुक्काम बदलणाऱ्या माणसाला त्या वाऱ्यापुढे काही करता येत नाही. तीन रात्री एकाच ठिकाणी राहणारा मात्र त्यातली बरी सकाळ निवडू शकतो.

आधी उंचीबद्दल, कारण आकडे पाहून आपल्याकडचे ट्रेकर हमखास फसतात. प्रेइकेस्टोलेनचा कडा समुद्रापासून ६०४ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण तुम्ही ५९ ते ६८ अक्षांशांवर असता. तिथे झाडं हजार मीटरच्या आसपास संपतात, किनाऱ्यालगत त्याच्याही खूप खाली. झाडं संपली की वाऱ्याला आडोसा राहत नाही. दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं. खाली गावात १५ अंश असतील तर अकराशे मीटरवर ८ अंश, आणि सेकंदाला दहा मीटरचा वारा असेल तर अंगाला ते साडेतीनच्या आसपास जाणवतात. त्यात कपडे ओले असले तर जुलै महिन्यातही माणूस कुडकुडून निकामी होतो. सह्याद्रीत पावसात भिजत चालणं हा आनंद असतो, कारण पाऊस कोमट असतो. इथे तसं करता येत नाही. दोन्हीकडच्या डोंगरांत सगळ्यात मोठा फरक हाच.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब अजून कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. मिश्र वयाच्या गटाने येणाऱ्या आकड्याला दीडने गुणावं. बेसेग्गेन १४ किलोमीटर आणि एकूण सुमारे ११०० मीटर चढ: हिशोबाने साडेचार तासांहून थोडं जास्त, दीडपट केल्यावर सात. ट्रोलतुंगा शेगेडालहून २७ किलोमीटर आणि ८०० मीटर: पावणेसात, दीडपट केल्यावर दहा. प्रत्यक्षातही एवढाच वेळ लागतो. जिथे साखळ्या धरून चढायचं असतं किंवा फोटोसाठी रांग लागते तिथे मात्र हा हिशोब तोकडा पडतो, तिथे वेगळा वेळ धरा.

आता एकेक वाट घेऊ.

प्रेइकेस्टोलेन ही तुमची पहिली वाट असू द्या. स्टावांगरहून समुद्राखालच्या बोगद्यातून पाऊण-एक तासात पायथा गाठता येतो, थेट बसही असते. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, चढ-उतार धरून एकूण ५०० मीटर चढ, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड चढण्यापेक्षा थोडं कमीच. वेळ चार ते पाच तास. दगडी पायऱ्यांचं बरंच काम नेपाळहून आलेल्या शेर्पांनी केलेलं आहे आणि ते उत्तम आहे. मधल्या दलदलीवर फळ्या टाकल्या आहेत. ओल्या फळीवर पाय घसरतो, तेव्हा तिथे रेंगाळू नका आणि मागच्याला अंतर ठेवायला सांगा. शेवटच्या टप्प्यात वाट कड्याच्या बाजूने जाते. उंचीची भीती असणाऱ्याने वरच्या अंगाने, टेकडीवरून जाणारी वाट घ्यावी, ती कड्याच्या काठापासून दूर राहते. वरच्या सपाट कातळाला, साधारण २५ मीटर लांबी-रुंदीच्या, कुठेही कठडा नाही. काठावरून खाली पाहायचंच असेल तर पोटावर झोपून सरकत जा. वाऱ्याचा झोत येतो तेव्हा उभ्या माणसाचा तोल जातो, आडव्या माणसाचा जात नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे पायथ्यालाच सांगून ठेवा, वर गेल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

वर्षाला तीन लाखांहून अधिक लोक इथे येतात आणि जुलैत अकरा ते तीनच्या दरम्यान सगळे एकदमच कातळावर असतात. सकाळी सातच्या आधी चढायला लागा, नाहीतर सरळ दुपारी चारनंतर निघा. जुलैच्या मध्यात तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळची वाट पूर्ण उजेडात होते आणि फ्योर्डवरचं (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीवरचं) ऊनही तेव्हाच चांगलं असतं. आपल्या डोक्यात 'अंधाराआधी उतरायचं' हे इतकं पक्कं असतं की हा पर्याय सुचतच नाही. दाट ढग असले तर मात्र वर जाऊन काही दिसणार नाही. त्या दिवशी स्टावांगरहून लीसेफ्योर्डची बोट घ्या, तोच कडा खालून बघा.

शेराग यादीतून काढून टाका. त्याच फ्योर्डवरची ही वाट, ओयगार्डस्टोलपासून जाऊन-येऊन ११ किलोमीटर, पण तीन खडे चढ आणि मध्ये दोन उतार असल्याने एकूण ८०० मीटर होतात. परततानाही चढावं लागतंच. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या उतारांवर साखळ्या धरून जायचं असतं. कोरड्या दिवशी ती मजा आहे, ओल्या दिवशी तिथे जाऊच नये, आणि स्टावांगरहून गाडीने एका बाजूचेच अडीच तास घालवल्यावर ओला कातळ पाहून परत फिरायला मन तयार होत नाही. दोन कड्यांमध्ये अडकलेला तो पाच घनमीटरचा धोंडा, खाली ९८४ मीटर पोकळी, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. धोंडा वरून गोल आहे आणि शेकडो बुटांनी गुळगुळीत झालेला आहे, हे फोटोत कळत नाही.

ट्रोलतुंगा ही तुमच्या यादीतली सगळ्यात लांब वाट आणि सगळ्यात जास्त चुकीच्या अंदाजाने केली जाणारी. रिंगेडाल तलावाच्या पाण्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर पुढे आलेली ती कातळाची जीभ पाहायला लोक येतात आणि अर्धा दिवस धरून येतात. ओड्डा गावाजवळ तिसेडालवरून शेगेडालला जायचं. शेगेडालच्या वाहनतळाला पी-२ म्हणतात, तिथून २७ किलोमीटर. त्याहून वर मोगेलिटॉपला पी-३ आहे, तिथून २० किलोमीटर आणि चढ फक्त ३२० मीटर. म्हणजे पी-२ पासून चालणारा माणूस जाताना साडेतीन किलोमीटर डांबरी वळणांचा रस्ता चढतो आणि परत येताना, गुडघे संपलेले असताना, तोच उतरतो. त्यातून बघण्यासारखं काही मिळत नाही. पी-३ वर गाड्यांना जागा फक्त तीसच्या आसपास, त्यामुळे ती किंवा पी-२ ते पी-३ या शटल बसच्या जागा तुम्ही आजच आरक्षित करा. बासष्ट वर्षांच्या व्यक्तीसाठी तर पी-३ शिवाय विचारच नको.

पी-३ नंतरची वाट सरळ नाही, छोटे चढ-उतार, कातळ, पाण्याचे ओहोळ, चिखल. बूट भिजणारच, जादा मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सात वाजता चालायला लागा आणि निघण्याआधी परतीची वेळ मोठ्याने सगळ्यांसमोर ठरवा: दुपारी एकपर्यंत जिभेपाशी पोहोचलो नाही तर जिथे असू तिथून मागे. जुलै-ऑगस्टमध्ये जिभेवर जायला तासाहून मोठी रांग असू शकते. रांगेत उभं राहून घाम वाळतो आणि थंडी तिथेच भरते, म्हणून पोहोचल्याबरोबर आधी कोरडा थर आणि जाकीट चढवा, मग रांगेत जा. वाटेवर संकटकाळासाठी छोट्या निवाऱ्याच्या खोल्या आहेत. त्या जाताना पाहून ठेवा, धुक्यात शोधत बसायची वेळ येऊ नये. ऑक्टोबर ते मेमध्ये ही वाट मार्गदर्शकाशिवाय करायची नसते, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही बर्फ बराच असतो. जुलैचा मध्य योग्य आहे.

बेसेग्गेन ही माझ्या मते नॉर्वेतली एका दिवसाची सर्वांत सुंदर वाट, आणि सह्याद्रीत कसलेल्या माणसाला ती सर्वांत जास्त आपली वाटेल. योतुनहाइमेन या डोंगराळ भागात येंदे तलावाच्या पूर्व टोकाला येंदेसहाइम हे मुक्कामाचं ठिकाण आहे. सकाळच्या बोटीने वीसेक मिनिटांत मेमुरुबूला जायचं आणि डोंगरधारेवरून चालत येंदेसहाइमला परतायचं. उलट दिशेने करू नका, दोन कारणांसाठी. धार चढून जायला सोपी आणि उतरायला भीतिदायक आहे. शिवाय उलट गेलात तर दिवसभर शेवटची बोट चुकण्याची धास्ती डोक्यावर राहते.

वाटेचा पहिला तास नुसता चढ. मग माळ, मग बेसवात्न तलावाच्या काठाची चिंचोळी पट्टी. डावीकडे बेसवात्न १३७३ मीटरवर, गडद निळा. उजवीकडे येंदे ९८४ मीटरवर, हिरवा, कारण हिमनद्यांनी दळलेला दगडाचा बारीक गाळ त्यात उतरतो. दोन तलावांच्या पातळीत जवळपास चारशे मीटरचा फरक, आणि तुम्ही त्यांच्या मधल्या पट्टीवर. समोर जी धार उभी राहते ती इथून पाहताना उभी भिंत वाटते, जवळ गेल्यावर पायऱ्यांसारखे मोठे खडक दिसतात. हात लावावे लागतात, दोर लागत नाही. काठ्या इथे दुमडून पिशवीला बांधा, हात मोकळे हवेत. निर्णय या पट्टीवरच घ्यायचा. वारा सेकंदाला बारा मीटरपेक्षा जास्त वाटत असेल, कातळ ओला असेल किंवा गटातलं कुणी गप्प झालं असेल तर इथून मेमुरुबूला मागे फिरा आणि बोटीने परत जा. धारेच्या मध्यावर थबकलेल्या माणसाला खाली आणणं वर नेण्यापेक्षा अवघड असतं.

धारेनंतर वेस्लफ्येलचा माथा, १७४३ मीटर. लोक इथे सुटलो म्हणतात, पण येंदेसहाइमपर्यंत अजून साडेसातशे मीटर उतार आहे, सगळा सुट्या दगडांचा, आणि पाय मुरगळतात ते इथेच. माथ्यावर पाऊण तास थांबा, खा, बुटांच्या नाड्या घोट्याशी पुन्हा आवळा. बोटीची तिकिटं आधी काढावी लागतात, आणि गाडी रैन्सवांगेनच्या मोठ्या वाहनतळावर लावून तिथून बसने धक्क्यावर यायचं असतं, त्यासाठी अर्धा-पाऊण तास धरा.

लोफोतेन या वेळी नको. ते स्वतंत्र आठ दिवसांचं काम आहे: ओस्लोहून बूडोला विमान, तिथून मोस्केनेसला तीन-चार तासांची फेरी, आणि तिथला पाऊस वेगळाच. तरी पुढच्या वेळेसाठी एवढं लक्षात ठेवा. रैनेब्रिंगेन फक्त ४४८ मीटर आहे, पण जवळजवळ समुद्रापासूनच, शेर्पांनी बांधलेल्या १९७८ पायऱ्यांनी सरळ वर. आधी तिथे घसरडी पायवाट होती आणि वरच्यांच्या पायांनी सुटलेले दगड खालच्यांवर यायचे. पायऱ्या झाल्यावर दोन-अडीच तासांत होतं. गाडी रैने गावातच लावायची, महामार्गाच्या कडेला नाही. शांतता हवी असेल तर त्याऐवजी रीतेन, ५४३ मीटर, खाली क्वालविकाची वाळू. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही, रात्री अकराला चढलात तरी चालतं.

प्रेइकेस्टोलेन, ट्रोलतुंगा आणि बेसेग्गेन या तिन्हींखेरीज जादा वाट म्हणून रैनेब्रिंगेनऐवजी ऑरलंड्सडालेन घ्या, आणि ती वाईट हवेच्या दिवसासाठी राखून ठेवा. ऑरलंड किंवा फ्लोमहून उन्हाळी बसने ओस्टरबोला जायचं आणि दरीतून वासबिग्दीपर्यंत साधारण २० किलोमीटर उतरत यायचं, सहा-सात तास. बहुतांश उतार असल्याने गुडघ्याला पट्टा लावा. दरीत असल्यामुळे माथ्यावर वारा घोंघावत असतानाही ही वाट करता येते. जुनी शेतघरं, कातळात कोरलेली पाऊलवाट, खाली नदी. फ्लोमला येणारे हजारो प्रवासी रेल्वेत बसून निघून जातात आणि ही दरी रिकामी राहते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

बारा दिवसांची मांडणी मग सोपी होते: स्टावांगर तीन रात्री, ओड्डा तीन, ऑरलंड दोन, येंदेसहाइमच्या आसपास दोन, शेवटी ओस्लो. ऑरलंडहून पुढे लेर्डालचा साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात झोप येते, दोघांनी आलटून-पालटून गाडी चालवा. ट्रोलतुंगाच्या दिवशी संध्याकाळी लांब गाडी चालवायचीच नाही.

हवामानासाठी तिथले लोक यर हे ॲप पाहतात. गावाचं नाव टाकू नका, डोंगराचं टाका. तासागणिक पाऊस आणि वारा दोन्ही बघा, आणि वाऱ्याचा झोत वेगळा दिलेला असतो तो. वेग सेकंदाला मीटरमध्ये असतो, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. आठपर्यंत निर्धास्त, दहा-बाराला धारेवर सावध, पंधराला घरी. वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे चढत्या कठीणतेचे रंग असतात. तुमच्यासाठी लालपर्यंत. दगडांवर रंगवलेला लाल इंग्रजी टी दिसत राहिला पाहिजे. दोन खुणांमध्ये जास्त अंतर पडलं तर पुढे शोधू नका, शेवटच्या खुणेपाशी परत या. १९६७ च्या ईस्टरला डोंगरात अठरा माणसं दगावल्यानंतर तिथे डोंगराचे नऊ नियम घरोघरी पोहोचवले गेले. त्यातला आठवा म्हणतो की वेळेत मागे फिरा, परतण्यात लाज नाही. तिथला माणूस माथ्यापासून शंभर मीटरवरून परततो आणि त्याबद्दल कुणी त्याला विचारत नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. अंगाला लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, वर फ्लीस, सगळ्यात वर टोपी असलेलं खरं जलरोधक जाकीट आणि तशीच पँट. आपला पोंचो इथे शिडासारखा फुगतो, धारेवर तो धोकादायक आहे, छत्री निरुपयोगी. लोकरीची टोपी आणि हातमोजे जुलैतही पिशवीत. सह्याद्रीतले बूट कोरड्या कातळावर छान चालतील, पण ओल्या ग्रॅनाइटवरचे काळे डाग म्हणजे शेवाळ आणि दगडफूल, त्यावर कुठलाच तळवा टिकत नाही. पाय त्या डागाच्या बाजूला ठेवायची सवय पहिल्याच दिवशी लावा. दक्षिण किनाऱ्याच्या गवतात गोचीड असते. रात्री पाय, गुडघ्यामागचा भाग तपासा, दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा.

खाण्याचं: नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. त्यामुळे तूप, खवा, दूध-पावडरीचे लाडू शक्यतो टाळा. शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाण्याची चिक्की, खजूर, चिवडा न्या. तिथे किवी, रेमा १००० अशी किराणा दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, शनिवारीच ब्रेड, चीज, केळी घेऊन ठेवा. थर्मासमध्ये गरम पाणी किंवा चहा प्रत्येकाकडे. वरच्या वाहत्या ओढ्याचं पाणी सहसा पिण्याजोगं असतं, पण वर मेंढ्या चरत असतील तर नको. ट्रोलतुंगाला माणशी दीड लिटर घेऊनच निघा.

बर्फाच्या दोन गोष्टी. ओढ्यावर उरलेला बर्फाचा पूल खालून पोखरलेला असतो, वरून कितीही घट्ट दिसला तरी त्यावरून जाऊ नका. आणि हिमनदीच्या तोंडाशी लावलेली दोरी ओलांडून फोटो काढायला जाऊ नका, बर्फाचे सुळके सूचना न देता कोसळतात.

संकटात पोलिसांचा क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा ११३. निघण्यापूर्वी 'Hjelp 113' (येल्प ११३) हे ॲप फोनमध्ये घाला, ते तुमचं अचूक ठिकाण पाठवतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा आणि पॉवरबँक घ्या. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा विमा लागतोच, त्याच्या अटींत पायी डोंगरभ्रमण वगळलेलं नाही ना हे वाचून घ्या. काही पॉलिसींत उंचीची मर्यादा असते, तुमचा सर्वोच्च बिंदू १७४३ मीटर आहे.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी ट्रोलतुंगाची पी-३ जागा किंवा शटल, मग येंदेची बोट, मग येंदेसहाइमचा मुक्काम कारण तिथे खोल्या मोजक्या आहेत, मग ओड्डा. स्टावांगरमध्ये आणि ओस्लोत शेवटपर्यंत काहीतरी मिळतं.